पांढऱ्या पट्टीमागच्या साळवेबाई

साळवेबाईंना मी कुणाच्या अगदी जवळ उभं राहिलेलं फक्त एकदाच पाहिलं. एरवी त्या लांब असायच्या. त्यांच्या खोलीत जमिनीवर एक पांढरी चिकटपट्टी मारलेली होती. मुलाच्या खाटेपासून पट्टीपर्यंत दोन मीटर, असं त्या सांगायच्या. माझ्या नजरेला ते एक मीटर शहाण्णव वाटायचं, पण त्यावरून मी वाद घातला नाही. मुलाला इंजेक्शन दिलं की बाई त्या पट्टीमागे जायच्या आणि तिथून बोलायच्या. वर्षानुवर्षं तसं बोलून त्यांचा आवाज मोठा झाला होता. गुपित सांगायचं असलं तरी ते कॉरिडॉरभर ऐकू जायचं.

"आमच्याकडे माया लांबून करतात," त्या मुलांच्या आयांना सांगायच्या. "जवळ घेणारी माणसं वर, तिसऱ्या मजल्यावर."

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात त्यांचा विभाग होता. जाड दारं, दारावर पिवळी खूण, खिडकी एकही नाही. तिथे शरीरात किरणोत्सारी साखर सोडतात आणि ती कुठे जमते त्याचं चित्र काढतात. तोवर मुलाच्या अंगातून किरणं निघत असतात, म्हणून ती पट्टी. बाई डॉक्टर नव्हत्या, तंत्रज्ञ होत्या. औषध मोजून देणं, मुलाला तासभर निश्चल ठेवणं आणि मग यंत्रात सरकवणं, हे त्यांचं काम. चित्राचा अर्थ डॉक्टर लावणार. हा फरक त्या काटेकोर पाळायच्या. कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "मी फोटोवाली. तुमचा चेहरा कसा आहे ते मला विचारू नका."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. जानेवारीत तिला माझ्या बायकोची, सुलभाची, किडनी बसवली होती. त्याआधी दीड वर्ष डायलिसिस. त्यासाठी मुक्ताच्या डाव्या हातात शीर आणि रोहिणी जोडून एक जागा केली होती, तिला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत मधमाशी असल्यासारखी थरथर लागते. किडनी बसल्यावर तिची गरज उरली नव्हती, पण डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली होती.

ऑगस्टमध्ये ताप सुरू झाला. मी दर चार तासांनी तापमान वहीत लिहीत होतो. तीन आठवड्यांच्या एकशे सव्वीस नोंदी झाल्या आणि कारण सापडलं नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून साधं सांगितलं. शरीर नवी किडनी नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतील. आत कुठे जंतू लपले असतील तर तीच औषधं कमी करावी लागतील. एक औषध दुसऱ्याच्या बरोबर उलटं. अंदाजाने वाढवलं आणि आत जंतू निघाले, तर मूल जाईल. अंदाजाने कमी केलं आणि जंतू नसले, तर किडनी जाईल. म्हणून आधी जागा शोधायची, आणि त्यासाठी तळघर.

पहिल्या सकाळी बाईंनी मुक्ताला काट्यावर उभं केलं. औषधाची मात्रा वजनावर ठरते. काट्याने बावीस किलो चारशे दाखवले. वॉर्डातल्या काट्यावर तासाभरापूर्वी बरोबर बावीस होते. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. सत्तावीस वर्षं दुकानांचे काटे तपासतो. नको तिथे तोंड उघडायची ती सवय.

"बाई, तुमचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय. आणि यावर यंदाचा शिक्का नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बुटक्या, काळ्यासावळ्या, केस घट्ट मागे बांधलेले, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला. दोन्ही मनगटांवर घड्याळं.

"मुलीला घेऊन आलात की धाड घालायला?"

"तसं नाही, मात्रा वजनावर आहे म्हणालात म्हणून..."

"चारशे ग्रॅमनी माझ्या मात्रेत काय फरक पडतो सांगा."

मी तोंडी गणित केलं. "टक्क्यापेक्षा जास्त. दोन टक्क्यांच्या आत."

"तुमच्या मुलीला. आणि सहा किलोच्या बाळाला?"

"साडेसहा टक्क्यांच्या वर."

त्या म्हणाल्या, "उद्या वजनं घेऊन या, काटेवाले." तेव्हापासून त्या मला काटेवालेच म्हणत. माझं आडनाव परब आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. मी दुसऱ्या दिवशी प्रमाण वजनं नेली आणि काटा जुळवून दिला. त्यांनी आभार मानले नाहीत. काटा चुकत असताना त्यावर गेल्या महिन्यात किती बाळं चढली ती नोंदवही त्यांनी काढली आणि एकेक मात्रा परत तपासत बसल्या. सगळ्या मर्यादेत होत्या. तरी त्यांनी ती यादी आपल्या साहेबांकडे सहीसाठी पाठवली.

त्या पहिल्या दिवशी मुक्ताचा स्कॅन झालाच नाही. स्टिरॉइडमुळे तिच्या रक्तातली साखर जास्त निघाली. अशा वेळी किरणोत्सारी साखर कुठे जमायची तिथे जमत नाही, चित्र फसवं येतं. बाईंनी ग्लुकोमीटर मला दाखवला आणि म्हणाल्या, "परवा या. आज काढला तर फोटो सुंदर येईल, पण खोटा."

बाई डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत कताई खात्यात. चाळीच्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसत, तिथे बसून त्यांनी बी.एस्सी. केलं, भौतिकशास्त्र घेऊन. हे त्यांनी सलग कधी सांगितलं नाही, तीन-चार तुकड्यांत कळलं. वडिलांबद्दल एकच गोष्ट दोनदा सांगितली. गिरणीतल्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, म्हणून घरात सगळे ओरडून बोलायचे. "तीच सवय इथे कामाला आली," त्या म्हणाल्या. "कुठली सवय कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. आणि कुठली नडेल तेही."

मुलांना 'घाबरू नकोस' असं त्या म्हणत नसत. म्हणायच्या, "कंटाळा येईल हां. खूप कंटाळा येईल. एक तास हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल नाही, दात खायचे नाहीत." मग कारण सांगायच्या. "साखर कुठे जाते? जिथे राडा चाललाय तिथे. लालबागला कुठे भांडण झालं ते कसं कळतं? पोलिसांची गाडी कुठे उभी आहे ते बघायचं. तशी आपली साखर. पण तू पाय हलवलास तर गाडी पायाकडे जाणार. मग खरा चोर सुटला ना?" मुलं हसायची. त्यांच्या आया हसायच्या नाहीत.

आम्हा मोठ्यांना त्या वेगळं सांगायच्या. "साखरेला अक्कल नसते. कुणाला भूक लागलीय एवढंच ती दाखवते. का लागलीय ते नाही."

खोलीत थंडी असायची, यंत्रासाठी. थंडी वाजली की मुलांची मान आणि खांदे चित्रात उजळतात, म्हणून बाई ब्लँकेटं आधी गरम करून ठेवत. इंजेक्शनच्या आधी मुलाच्या गळ्यापर्यंत स्वतः खोचत. जवळीक तेवढीच. मग सुई, आणि मग पट्टीमागे.

दोन घड्याळांचं कारण मला दुसऱ्या वेळी कळलं. ती साखर शहराच्या दुसऱ्या टोकाला बनते आणि रोज सकाळी गाडीने येते. दर एकशे दहा मिनिटांनी ती निम्मी होते. एक घड्याळ आपल्या वेळेचं. दुसरं बाई रोज औषध बनल्याच्या वेळेला बारावर लावायच्या. त्या घड्याळात त्यांना औषधाचं वय दिसायचं.

तो शनिवार होता, गणपतीच्या आधीचा. भारतमाता सिनेमापाशी कुठल्याशा मंडळाच्या मूर्तीचं आगमन चाललं होतं आणि गाडी पुलाखाली अडकली. बाई रुग्णालयाबाहेर फुटपाथवर तिची वाट बघत उभ्या होत्या. ढोल तिथपर्यंत ऐकू येत होते. तळघरात पाच मुलं उपाशी बसली होती. गाडी दोन तास दहा मिनिटं उशिरा आली. बाईंनी डबा आत नेला, मोजला, पाटी घेतली आणि मुलांना वजनाप्रमाणे नव्याने ओळीत लावलं. मोठी मुलं आधी, लहान शेवटी, कारण लहानांना थोडं पुरतं. एका ओळीत गणित. मी मनात तेच करून पाहिलं आणि उत्तर मला त्यांच्याआधी कळलं. पाच जणांना पुरणार नव्हतं.

"मुक्ता पहिली, पण तिला जेवढं लागेल तेवढ्यात ही दोन बाळं होतात," बाई मला म्हणाल्या. "या बाळांना सोमवारपर्यंत थांबवता येणार नाही. तुम्हीच सांगा."

त्यांनी मला विचारायला नको होतं, असं मला आजही वाटतं. आणि त्यांनी विचारलं म्हणूनच मी त्यांना विसरत नाही. मी सुलभाकडे पाहिलं. मुक्ताला एकशे दोन ताप होता. मी म्हणालो, "बाळांना घ्या." सुलभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या दोन बाळांपैकी एक राणेवहिनींचा ओम. राणेवहिनी कॉटन ग्रीनच्या. ओम तीन वर्षांचा, यकृत बसवलेला. वॉर्डात त्याची खाट मुक्ताच्या शेजारी. तळघराच्या कॉरिडॉरमध्ये बसणाऱ्या आयांनी एक शास्त्र तयार केलं होतं, आणि त्यात राणेवहिनी सगळ्यांत पुढे. स्कॅन झाल्यावर साळवेबाई बाहेर येत. चेहऱ्यावर काही नाही. सगळ्यांना एकच वाक्य, "पाणी भरपूर पाजा." मग उपाशी मुलासाठी ट्रॉलीवरून बिस्किटं पुढे ढकलत. आयांचं म्हणणं असं, की दोन बिस्किटं दिली तर निभावलं. पुडा दिला तर वाईट.

मी तीन सकाळी बसून आणि वॉर्डात विचारून नोंद ठेवली. अकरा मुलं. पाच पुडे, सहा वेळा दोन-दोन बिस्किटं. पुडा मिळालेल्या पाचांपैकी दोघं घरी गेली होती. काही संबंध नव्हता. जे मूल जास्त वेळ उपाशी, त्याला पुडा, एवढंच. मी राणेवहिनींना वही दाखवली.

"तुमी मोजा भावजी," त्या म्हणाल्या. "माका कळला काय ता." ओमला पुडा मिळाला होता.

मी बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. "मला ठाऊक आहे. मागे लोक माझ्या पेनाकडे बघायचे. मी पेन ठेवायचं सोडलं. मग चप्पल. आता बिस्किटं." मग म्हणाल्या, "पडद्यावर जे दिसतं ते मला आधी दिसतं, परब." त्यांनी माझं आडनाव वापरल्याची ती एकच वेळ, वर कधी वापरलं नाही म्हणालो त्याला हा अपवाद. "बाहेर येताना मी दारामागे थांबते. वीसपर्यंत मोजते. मग येते."

ओम तीन आठवड्यांनी गेला. माझी नोंद बरोबरच होती, संबंध नव्हताच. पण त्यानंतर मी राणेवहिनींशी त्या विषयावर बोलू शकलो नाही.

मुक्ताचा स्कॅन सोमवारी झाला. साखर ठीक निघाली, गाडी वेळेवर आली. फिस्टुलाच्या हाताला सुई लावायची नसते, म्हणून उजव्या हातात सुई घालून त्याला फळी बांधली. एक तास कसा जाणार म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाहेर पडता पडता तिला म्हणालो, "एक तास म्हणजे तीन हजार सहाशे. मनात सावकाश मोज. संपेल तेव्हा तास झालेला असेल."

ती स्कॅनहून आली तेव्हा बाई म्हणाल्या, "पाणी भरपूर पाजा." आणि ट्रॉलीवरून अख्खा पुडा पुढे आला. सुलभा भिंतीला धरून खाली बसली. मी तिला वहीतली अकरा मुलं परत सांगितली. ती म्हणाली, "वही ठेव तुझी."

दुपारी दोनला वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाई जवळजवळ धावत आल्या. जागा सापडली होती. डावा हात, फिस्टुलाच्या अगदी लगत, लख्ख. पक्का अहवाल यायचा होता, पण सर्जनना कळवलं होतं. उद्या सकाळी हात उघडायचा, फिस्टुला काढून टाकायचा, आत पू असेल तर धुवायचा. सव्वीस दिवसांनी कुणीतरी बोट ठेवून 'इथे' म्हणालं होतं. आम्हाला इतका आनंद झाला की सुलभाने प्रभादेवीला माझ्या आईला फोन लावला. आईने सिद्धिविनायकाला जायचं कबूल केलं. मी वहीत 'डावा हात' लिहून खाली रेघ मारली.

चार वाजता साळवेबाई तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डात आल्या. त्यांना वर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, नर्सही बघत राहिल्या. त्या खाटेपासून दोन मीटरवर उभ्या राहिल्या, तिथे पट्टी नसताना. तरुण डॉक्टरबाई तिथेच होत्या.

"मुक्ता," बाई मोठ्याने म्हणाल्या, "सकाळी ब्लँकेटखाली काय चाललं होतं गं?"

"काही नाही मावशी. मी हलले नाही."

"हलली नाहीस. मी कॅमेऱ्यात बघत होते. पण ब्लँकेट जरासं उडत होतं, डावीकडे. मला वाटलं, श्वास. आता फोटोत हात बघितला आणि आठवलं. काय करत होतीस?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. "मोजत होते. बाबा म्हणाले मोज."

"मनात?"

"हो. बोटांवर."

"मला दाखव."

तिने डावा हात वर केला. अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावर टेकला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा. मग परत. पाढे शिकताना मीच तिला तसं मोजायला शिकवलं होतं, मला माझ्या आजोबांनी. बाराच्या तीनशे फेऱ्या म्हणजे तीन हजार सहाशे. उजव्या हाताला फळी होती, म्हणून डाव्याने. तिची नखं पांढरी पडेपर्यंत अंगठा दाबत जात होता आणि कोपराच्या खाली, फिस्टुलाच्या बाजूला, एक बारीक स्नायू दर पेराला उचलत होता. तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

"किती फेऱ्या झाल्या?" बाईंनी विचारलं.

"दोनशे चौऱ्याऐंशी. मग तुम्ही बोलावलंत."

तरुण डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पण फिस्टुलाच्या इतकं लगत आहे, स्नायूच असेल असं कसं..."

"मॅडम, मी रिपोर्ट देत नाही," बाई म्हणाल्या. "मूल काय करत होतं तेवढं सांगायला आले. एक विनंती. फोटोवर हात झाकून बघा. या मुलीला हात नाहीच असं समजा, आणि मग बघा."

त्या वळून लिफ्टकडे गेल्या. मी मागे गेलो.

"बाई, माझ्यामुळे झालं हे."

"हात तुमच्यामुळे पेटला," त्या म्हणाल्या. "मूल घाबरून मोजतं हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षांत मी पायांवर नजर ठेवली, जबड्यावर ठेवली. अंगठ्यावर नाही ठेवली." लिफ्ट आली. आत जाताना त्या थांबल्या. "तिला आणखी कुठे काही दुखतं का?"

"नाही. वहीत सगळं आहे."

"वहीत काय आहे?"

"तापमान. दर चार तासांनी."

"आणि ती काय बोलते ते?"

मला आठवलं. दहा-बारा दिवस मुक्ता रात्री एकच तक्रार करायची, गादी टोचते. मी तीन वेळा चादर झटकली होती, एकदा गादी बदलून घेतली होती. आकडा नव्हता, म्हणून लिहिलं नव्हतं. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगता, परत जा आणि डॉक्टरांना सांगा." लिफ्टचं दार मिटलं.

मोठ्या डॉक्टरांनी हात झाकून चित्र पाहिलं. पाठीच्या कण्यात, कमरेच्या वर, एका मणक्यात हरभऱ्याएवढा फिका ठिपका होता. हाताच्या उजेडापुढे तो काहीच नव्हता. दुसऱ्या दिवशी एमआरआय, मग सुईने नमुना. क्षय निघाला. आणखी महिनाभर तसाच राहिला असता तर मणका बसला असता आणि पाय गेले असते, असं आम्हाला सांगण्यात आलं. आणि त्या दिवशी डॉक्टर आमच्यासमोर म्हणाले, की हात उघडून तिथे काही सापडलं नसतं, तर बहुधा किडनी नाकारली जातेय असं धरून औषध वाढवलं असतं.

म्हणजे तीन हजार चारशे आठ. दोनशे चौऱ्याऐंशी गुणिले बारा. इतक्या वेळा माझ्या मुलीने माझं ऐकलं होतं.

क्षयाची औषधं सुरू झाली, ताप सतराव्या दिवशी उतरला. पण ती औषधं किडनीच्या औषधांना खातात. एकाचं प्रमाण सांभाळलं की दुसऱ्याचं बिघडतं. दर आठवड्याला रक्त, दर आठवड्याला एक आकडा, क्रिएटिनिनचा; तो चढला की किडनी थकतेय असं समजायचं. आता मी वहीत दोन रकाने ठेवतो. डावीकडे आकडा, उजवीकडे मुक्ता काय म्हणाली ते. उजवा रकाना जास्त भरतो.

सहा महिन्यांनी परत स्कॅन झाला. तासभर मुक्ता ब्लँकेटच्या बाहेर दोन्ही तळवे उघडे ठेवून पडली होती. बाई पट्टीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही आपले तळवे तसेच उघडे धरले. पूर्ण तास नाही, पण मी दाराच्या काचेतून पाहिलं तेवढा वेळ तरी. बाहेर आल्या, "पाणी भरपूर पाजा." दोन बिस्किटं. मणका विझला होता. क्रिएटिनिन मात्र पाच महिने थोडं थोडं वर चाललं होतं. एक पूर्णांक एक, एक पूर्णांक चार, एक पूर्णांक सात. उतरलं एकदाही नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. सकाळी साडेसातला आम्ही रक्त द्यायला चाललो होतो आणि त्या फाटकासमोर फुटपाथवर उभ्या होत्या, गाडीची वाट बघत. आदल्या दिवशी आकडा दोन पूर्णांक एक आला होता. डॉक्टर म्हणाले होते, बघू या, पण मनाची तयारी ठेवा.

"काय काटेवाले, किती?" त्यांनी रस्त्यापलीकडून विचारलं.

मी दोन बोटं आणि मग एक बोट दाखवलं.

त्यांनी रस्ता ओलांडला. थेट मुक्ताजवळ आल्या, इतक्या जवळ की मुक्ताच एक पाऊल मागे झाली, सवयीने. बाईंनी तिचा डावा हात हातात घेतला, बाही वर सारली आणि फिस्टुलावर दोन बोटं ठेवली. मी रोज सकाळी ठेवतो तशीच. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, ओठ न हलवता, त्या उभ्या राहिल्या. कुठल्या घड्याळाकडे ते मला दिसलं नाही. मुक्ता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सुलभाही बघत होती.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "हा जपा. लागेल."

मोठ्या आवाजात नाही. आम्हा तिघांनाच ऐकू येईल एवढंच. मग पुलाच्या बाजूने पांढरी गाडी वळली. त्यांनी मुक्ताची बाही खाली केली, बटण लावलं आणि रस्त्याकडे बघत पलीकडे गेल्या.